ओल्या गोणपाटाचा वास आला म्हणून हसले

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे भाऊ रावेर-यावल पट्ट्यातले, वय ३७, घरची केळी आणि जोडीला खताबियाण्याचं दुकान. मागच्या डिसेंबरात कॉलेजचे जुने मित्र नाशिकजवळ एका फार्महाऊसवर जमले होते, त्यातल्या एकाने परदेशातून रेड वाईनची बाटली आणली होती. सगळे ग्लास फिरवून, वास घेऊन चेरी, प्लम, चॉकलेट म्हणत होते. ह्यांना विचारलं तर ह्यांनी जे आलं ते सांगितलं, "पावसात भिजलेल्या गोणपाटासारखा वास येतोय." सगळे हसले. "तुझी जीभ ठेच्यानं जळालीय भो, तुझं काम नाही हे." घरी येऊन ह्यांनी व्हिडिओ बघितले, मे महिन्यात जळगावहून स्वतः एक बाटली आणली आणि वरच्या खोलीत कपाटावर लपवून ठेवली, कारण वडील माळकरी आहेत, मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला पायी जातात. बायकोलाही सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी दुकानाच्या मागच्या खोलीत बाटली उघडली तर ती उकडलेल्या मनुकांसारखी लागली. त्यांचा प्रश्न, "ताई, माझ्या जिभेतच खोट आहे का? ह्या वयात, एवढं तिखट खाणाऱ्या माणसाला वाईनची चव घ्यायला शिकता येतं का, की नाद सोडून देऊ?"

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला गोणपाटापाशी येऊन थांबले. कारण ह्या वासाला वाईनच्या जगात नाव आहे. बाटलीला जे झाडाच्या सालीचं बूच असतं त्यात कधीकधी टीसीए नावाचं एक द्रव्य असतं, ते वाईनमध्ये उतरलं की फळाचा वास दबून जातो आणि कुबट वास वर येतो. शिकवणारे त्याचं वर्णन ओला पुठ्ठा, बंद तळघर असं करतात, आणि भिजलेलं गोणपाट त्याच घरातलं आहे. हे द्रव्य लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला कळू शकतं, इतकं ते तीव्र. चांगल्या हॉटेलात वेटर आधी घोटभर ओतून थांबतो ना, ते "आवडली का" विचारायला नसतं, बाटली बिघडलेली नाही ना हे तपासायला असतं, आणि असा वास आला तर ती बाटली परत करतात.

मी तिथे नव्हते, त्यामुळे ती बाटली बिघडलेलीच होती असं छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण एवढं नक्की सांगते की त्या रात्री बाकीच्यांनी बहुतेक ऐकलेले शब्द म्हटले आणि तुम्ही आलेला वास सांगितला. वाईनची चव घेणं म्हणजे हेच असतं, तुम्ही सुरुवात बरोबर जागेवरून केली होती आणि नेमकं तिथेच तुम्हाला गप्प बसवलं गेलं.

आता जिभेचं बघू. ठेच्यानं जीभ मरते हे आपण इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटायला लागतं. पण तिखट ही चव नाहीच. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी ह्या चवी जिभेवरच्या चवीच्या पेशींना कळतात, मिरचीची जी आग होते ती कॅप्सेसिनमुळे, आणि ती उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या नसांना कळते. नसांवरच्या ज्या रिसेप्टरमुळे, म्हणजे जाणीव पकडणाऱ्या रेणूमुळे, हे होतं त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस ह्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे मिरची खाताना चवीची पेशी जळत नाही, तिची शेजारीण बोंबलते. आणि चवीच्या पेशी तशाही साधारण दहा-पंधरा दिवसांनी बदलत राहतात, जुन्या जातात नव्या येतात, शेतातल्या पिकासारखं. हां, ठेचा-भाकरी खाऊन लगेच वाईन तोंडात घेतली तर अल्कोहोलची आग दुप्पट लागणार आणि तुरटपणा अंगावर येणार, तेवढं पथ्य पाळायचं. चव घ्यायची ती जेवणाच्या आधी, अकरा-साडेअकराला पोट हलकं आणि तोंड स्वच्छ असताना. पिण्याची वेळ रात्रीची असेल, चाखण्याची वेळ सकाळची.

आणि तुमची जीभ जाड आहे म्हणता तर मला एक सांगा, भरीत गॅसवर भाजलंय की कपाशीच्या काड्यांवर हे तुम्हाला पहिल्या घासाला कळतं की नाही? कळतंच. वांगं बामणोदकडचं आहे की बाजारातलं कुठलंही उचललंय हेही कळतं. कळण्याच्या भाकरीत उडीद कमी पडलेत हे तुमची आई ताटात बघून नाही, तोंडात घालून सांगते. मी अमळनेरची, आमच्याकडे शेवभाजीचा मसाला कुणाच्या हातचा आहे ह्यावर जेवता जेवता पैजा लागायच्या. ही सगळी टेस्टिंगच आहे हो. फरक इतकाच की ह्याचे शब्द आपल्याला लहानपणापासून ऐकून ऐकून मिळाले आणि वाईनचे मिळाले नाहीत.

शब्दांचा घोळ तर फार मोठा आहे आणि नवीन माणूस तिथेच खचतो. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात अ‍ॅन नोबल नावाच्या बाईंनी वाईनच्या वासांचं एक चाक बनवलं, आत फळ, मसाला, लाकूड असे मोठे गट आणि बाहेर एकेक नेमका वास. काम अतिशय उपयोगाचं, पण त्यातले वास त्यांच्या भाजीबाजारातले. सोव्हिन्यॉं ब्लांक नावाच्या व्हाईट वाईनला गूजबेरीचा वास म्हणतात, आपण डिक्शनरी बघून आवळा समजतो, पण ते फळच वेगळं आहे, मी स्वतः सुरुवातीला कितीतरी दिवस ग्लासात आवळा शोधत बसायचे. ब्लॅककरंट आपल्याला माहीत ते आईस्क्रीमच्या जांभळ्या स्कूपमधून. मग तुम्ही रावेरला बसून चेरी आणि प्लम कुठून ओळखणार, जे फळ हातात धरून कधी हुंगलं नाही ते नाकाला आठवणार कसं. तुमच्याकडे जांभूळ आहे, बोरं आहेत, करवंदं आहेत, सुकलेला आमचूर आहे, नंदुरबारची मिरची आहे, सातपुड्याच्या पायथ्याला मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पडलेली मोहाची फुलं आहेत. त्या फुलांची दारू गाळणाऱ्या म्हाताऱ्या बाया नुसत्या वासावरून सांगतात माल कसा उतरलाय, आणि त्यांना कुणी सर्टिफिकेट दिलेलं नाही.

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी, केळीवाल्या माणसासाठी. पिकलेल्या केळीचा जो वास असतो त्यात मुख्य असतं आयसोअमाईल अ‍ॅसिटेट. तेच द्रव्य द्राक्षाचा रस आंबताना यीस्टसुद्धा तयार करतं, म्हणून बऱ्याच कोवळ्या, ताज्या वाईनमध्ये केळीचा वास येतो, फ्रान्समधली बोजोले नूव्हो तर त्यासाठी ओळखली जाते. रायपनिंग चेंबरचं, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीचं, दार उघडल्यावर येणारा वास ज्याच्या अंगात मुरलाय तो हा वास पुण्यामुंबईच्या माणसाआधी पकडेल. चिंचेचं पण असंच. चिंचेत जे टार्टारिक अ‍ॅसिड असतं तेच द्राक्षातलंही मुख्य आम्ल, त्यामुळे वाईनचा आंबटपणा तुमच्या तोंडाला परका नाहीच. आणि कच्च्या केळीचा तुकडा चावल्यावर तोंड कसं बांधल्यासारखं होतं, ते टॅनिन. रेड वाईनमध्ये ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. ती चव नाही, ती जाणीव आहे, लाळेतली प्रथिनं त्याला चिकटतात आणि तोंड कोरडं खरखरीत होतं.

तुमचे मित्र खोटं बोलत होते असं मात्र मला म्हणायचं नाही. एकाने चेरी म्हटलं की दुसऱ्याच्या नाकाला खरंच चेरी यायला लागते, डोळ्याला लाल दिसलं की डोकं लाल फळं शोधतं. फ्रान्समधल्या बोर्दोला ५४ जणांवर झालेला एक प्रयोग २००१ मध्ये छापून आला, तेही वाईनचंच शिक्षण घेणारे विद्यार्थी. एकाच व्हाईट वाईनचे दोन ग्लास दिले, एकात वास नसलेला लाल रंग मिसळलेला. त्या लाल ग्लासाचं वर्णन त्यांनी रेड वाईनच्या शब्दांत केलं. शिकलेल्यांचं हे होतं. म्हणून चारचौघांत चाखताना प्रत्येकाने आधी गुपचूप कागदावर लिहावं आणि मग बोलावं, दिवाळीत पुन्हा जमलात तर एवढा एक नियम त्यांच्याकडून मान्य करून घ्या.

शिवाय सगळ्यांना सगळे वास येतही नाहीत. शिराझ नावाच्या रेड वाईनमध्ये काळ्या मिरीचा वास असतो तो रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते शोधून काढलं, आणि त्यांच्या चाचणीत साधारण पाचातल्या एकाला तो वास येतच नव्हता, कितीही वाढवला तरी. तुम्ही त्या एकात असाल तर मिरी शोधण्यात आयुष्य घालवू नका, दुसरं काहीतरी तुम्हाला जास्त येत असेल.

आता ती मे महिन्यातली बाटली. जळगावचा मे, पारा ४४-४५, वरची खोली, स्लॅब तापलेला, आणि कपाटाच्या वर म्हणजे खोलीतली सगळ्यात गरम जागा. तिथे पंधरा दिवस. भाऊ, उकडलेल्या मनुका हे तुम्ही अगदी अचूक सांगितलंत, गरमीने शिजलेली वाईन तशीच लागते. म्हणजे दोन्ही वेळेला तुमचं नाक बहुतेक बरोबरच होतं आणि दोन्ही वेळेला तुम्ही स्वतःलाच दोष दिलात, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आपल्या भागातल्या सगळ्यांनीच हे लक्षात ठेवा. "रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची" हा नियम थंड देशातल्या दगडी घरांचा आहे, त्यांची रूम म्हणजे १६ ते १८ डिग्री. आपल्याकडे उन्हाळ्यात रेडसुद्धा अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवायची, आणि व्हाईट फ्रीजमधून काढून दहा मिनिटं थांबायचं, कारण फार गार असली तर वासच उठत नाही. बाटली शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या, एसी असलेल्या दुकानातून. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली घेऊच नका, बूच थोडं वर उचललेलं दिसलं किंवा गळ्याशी चिकट ओघळ असेल तरी नको. व्हाईट असेल तर लेबलवरचं साल जितकं अलीकडचं तितकं बरं. आणि घरी आणल्यावर साधा फ्रीज हीच खानदेशातली त्यातल्या त्यात चांगली जागा.

पण "घरी आणल्यावर" हे लिहिताना मी जरा अडखळले, कारण तुमचा खरा अवघड भाग तिथेच आहे. वडिलांची माळ आहे. तुम्ही ते "जुन्या विचारांचे" असं लिहिलंय, त्यावर थोडं थांबा. आपल्याकडे दारूने किती घरं बसली हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असणार, महाराष्ट्रात किती गावांत बाया रांगेत उभं राहून मतदानाने बाटली आडवी करून आल्यात, त्यामागे काही कारणं होती. त्यांचा नकार हा अनुभवातून आलेला आहे, त्याचा मान राखून शिकता येतं का एवढंच आपल्याला बघायचंय. माझं स्पष्ट मत, त्यांच्या घरात बाटली नको. दुकानाच्या मागच्या खोलीत एकट्याने तर अजिबात नको, लपून आणि एकट्याने ही दोन्ही सवयी चाखण्याच्या नाहीत, पिण्याच्या आहेत, आणि त्या कधी पक्क्या होतात ते कळत नाही.

ह्याच ओघात तब्येतीचंही बोलून घेते. रेड वाईन हृदयाला चांगली असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका, जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की तब्येतीला पूर्ण सुरक्षित असं अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण नाही. ७५० मिलीच्या १३ टक्केवाल्या बाटलीत साधारण ७७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, ते "द्राक्षाचा रस" म्हणून हलक्यात घ्यायचं नाही. म्हणूनच ज्यांचा हा धंदा आहे ते लोक चाखून थुंकतात, एका सकाळी वीस-तीस वाईन चाखायच्या तर गिळून कसं चालेल. थुंकण्यात कमीपणा काही नाही. ज्यांच्या घरात व्यसनाचा इतिहास आहे, ज्यांची औषधं चालू आहेत, ज्या बाया गरोदर आहेत त्यांनी तोंडात घेऊच नये, आणि खरं सांगते, शिकण्याचा मोठा भाग त्याशिवायही होतो.

कसा, ते सांगते, वाईनचा थेंब नसताना पहिले दोन-तीन महिने हेच करा. नाक चिमटीत धरा, डोळे मिटा, बडीशेप चावा. फक्त थोडं गोड काहीतरी लागेल. मग नाक सोडा, बडीशेप एकदम "येईल". तो वास तोंडातून मागच्या बाजूने नाकात चढतो, आपण ज्याला चव म्हणतो त्यातली बरीचशी तीच. हे एकदा स्वतः अनुभवलं की ग्लास का फिरवायचा, घोट तोंडात घोळवून थोडी हवा आत का ओढायची, हे कुणी सांगावं लागत नाही. मग स्वयंपाकघरातले डबे. मिरी, लवंग, दालचिनी, धणे, मेथी, तमालपत्र, डोळे बांधून ओळखायचे. सोपं वाटतं पण पहिल्या दिवशी निम्मे चुकतात, वास ओळखीचा वाटतो आणि नाव जिभेवर येत नाही, तीच तर सगळी प्रॅक्टिस आहे. लवंग नीट लक्षात ठेवा, ओकच्या पिंपात मुरलेल्या वाईनमध्ये युजेनॉल येतं आणि लवंगेचा वास त्याचाच असतो.

तोंडासाठी तीन पेले करा, एकात चिंचेचं पातळ पाणी, एकात साखरेचं, एकात बिनदुधाचा कडक चहा गार करून. पहिल्याने गालाच्या आतून पाणी सुटतं, तिसऱ्याने तोंड आवळतं. मग दोन-दोन मिसळून बघा, साखर घातली की आंबट कसं मागे सरकतं, गोड आणि तुरट एकत्र कसं वागतं. वाईनमध्ये हेच चाललेलं असतं, आंबट, गोड, तुरट आणि अल्कोहोलची ऊब ह्यांची ओढाताण. जडपणा समजायचा तर पातळ ताक आणि सायीचं दूध आलटून पालटून तोंडात धरा.

हे झालं की मग नाशिक. जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणीचा काळ, तेव्हा जा. भुसावळहून नाशिक रोडला सरळ गाड्या आहेत, स्वतःची गाडी घेऊन जाऊ नका. सुला ह्या नाशिकच्या वायनरीची पहिली वाईन २००० साली आली तेव्हापासून त्या भागात बरंच उभं राहिलंय, गंगापूर धरणाच्या बाजूला सोमा, यॉर्क अशा वायनरी आहेत, तिथे पैसे भरून थोडं थोडं चाखायला देतात आणि पिंपं, टाक्या दाखवतात. तिथला माल गरमीत फिरून आलेला नसतो, हा मोठा फायदा. एकच वाईन घेऊन बसू नका, नेहमी दोन शेजारी ठेवा, एकटीबद्दल काही सुचत नाही पण दोन असल्या की "ही जास्त आंबट, हिला हिरवा वास" हे आपोआप निघतं. शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यॉं ब्लांक ह्या दोन व्हाईट, पहिल्यांदा एवढीच जोडी. सोव्हिन्यॉंमध्ये कापलेल्या ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास येतोय का बघा, तो पायराझिन नावाच्या द्रव्यांचा. आपल्याकडच्या शेनिन बऱ्याचदा जराशा गोडसर असतात. दुसऱ्या खेपेला शिराझ. प्रत्येकी ३० मिली पुरे, थुंकायचं भांडं मागून घ्या, तिथल्या लोकांना सवय असते. आणि खिशात छोटी वही ठेवा, लिहायचं ते मराठीत किंवा अहिराणीत, जे आधी येईल ते. पहिल्या पावसाची माती, विहिरीचं पाणी, आजीची ट्रंक, गोणपाट, काहीही.

नंदुरबार-नवापूरकडच्या वाचकांनी येताना बाटली आणली तर परमिट जवळ ठेवा आणि चुकूनही ती घेऊन गुजरातच्या हद्दीत जाऊ नका, तिकडे दारूबंदी आहे.

राहिल्या वहिनी. त्यांना आधी सांगा, नाशिकला जायच्याही आधी, मे महिन्यातल्या बाटलीसकट सगळं. वाईट वाटेल त्यांना, लपवल्याचं जास्त वाटेल, ते ऐकून घ्या. आणि मग त्या डब्यांच्या खेळाला त्यांना बसवा, रोज फोडणीसमोर उभ्या राहणाऱ्या बाईचं नाक काय असतं ते तुम्हाला पहिल्या पाच डब्यांत कळेल. त्यांना वाईन चाखायची नसेल तर नको, पण तुम्ही वहीत लिहिलेल्या वासाला नेमका शब्द बहुतेक त्याच देतील.

आणि तुमच्या त्या मित्राला एक फोन करा. वाद घालायला नाही, फक्त विचारा की डिसेंबरातल्या बाटलीला सालीचं बूच होतं की फिरकीचं झाकण. बूच निघालं तर मला नक्की कळवा.